शेवटची दोन मिनिटं

अल्बम सत्तेचाळीस मिनिटांचा,
कॅसेट नव्वदची, म्हणजे एका अंगाला पंचेचाळीस.
हा हिशोब देवळाली कॅम्पातल्या कॅप्टनच्या पोराला
जमला नाही, किंवा त्यानं केलाच नाही.
बापाची बदली झाली, तो गेला भटिंड्याला.
मागे राहिली ती एक काळी कॅसेट
आणि तिच्यावरून अश्फाक कोकणीनं
भद्रकालीतल्या दुकानात, शटर अर्धं ओढून,
काढलेल्या अकरा कॉप्या.
इंग्लंडातल्या कुठल्याशा धुरकट गावची ती पाच पोरं
नाशकात एवढ्याच जागेत राहायची.

शेवटचं गाणं चढत जातं.
गायक एक किंकाळी उचलतो,
वर नेतो, आणखी वर, आणि

खट्.

बटण आपोआप उडतं. मग नुसता पंखा.

तेव्हापासूनचं भांडण आहे हे.
बोडके म्हणतो, पहिली चार गाणी सोनं, पुढं सगळा भुसा.
तो सातपूरला प्रेसशॉपात, कायम तिसऱ्या पाळीला.
म्हणायचा, हा ड्रमवाला कधीतरी
पॉवर प्रेसशेजारी उभा राहिलाय भो,
शंभर टनाचं मशीन असंच पडतं,
आधी छातीत, मग कानात.
बोरस्तेला तोच ड्रम पत्र्याचा डबा वाटायचा.
त्याच्या मते खरा अल्बम ह्याच्या आधीचा,
जो आमच्यातल्या कुणी ऐकला नव्हता.
त्यानंही नाही. पुण्यात काचेआड
फक्त चित्र पाहिलं होतं.

शरणपूरची एस्तेर उजागरे म्हणायची,
गिटारीवर काय मरता,
खालून बास चालतोय तो ऐका.
ऑर्गनवर पायानं मी हेच करते रविवारी,
पाळकसाहेबांना ठाऊक नाही म्हणून बरं.

मला शब्दच कळत नव्हते.
एक ओळ सरळसरळ ‘दूध तापलं’ अशी ऐकू यायची,
ती आम्ही हात वर करून म्हणायचो.

किंकाळीनंतर काय, यावरून तर
कॉलेज रोडला एकदा मिसळीचा रस्सा
बोरस्तेच्या पांढऱ्या शर्टावर गेला.
तो एवढंच म्हणाला होता, नंतर काही नाही.
खट् हाच शेवट. तसंच रचलंय.
बोडके म्हणे, येड्या, शेवटी सगळे एकदम कोसळतात,
भोंगा वाजल्यावर मशिनं बंद पडतात तसे.
एस्तेर बोलली नाही. नाताळाआधी
रिकाम्या चर्चमध्ये तिनं वाजवून दाखवलं:
चार सूर उतरत आलेले,
पाचव्यावर बोट ठेवलं, दाबलं नाही.

परवा पांडवलेण्याच्या पायथ्याशी
बोडकेच्या ओम्नीत बसलो सगळे.
पुतण्या कैवल्यच्या फोनवर अख्खा अल्बम,
तोही नव्यानं धुऊन काढलेला.
(जुना मिक्स पातळ आहे, काका.
तुझ्या जन्माआधी जाड होता, म्हटलं.)
अश्फाकनं कानातलं यंत्र नीट बसवलं.
किंकाळी आली. वर गेली.
आमचे खांदे एकदम ताठ.

खट् आलाच नाही.

वारा आला. दोन मिनिटं नुसता वारा
आणि त्यात लांबवर एक घंटा,
गंगेवरच्या घंटांहून जड.

“बस्स?” बोडके म्हणाला.
“म्हटलं होतं, काही नाही.”
“वारा म्हणजे काही नाही का रे?”
“घंटा माझाच पाचवा सूर आहे,” एस्तेर म्हणाली,
“फक्त अर्धा खाली. आपली कॅसेट
जरा पळायची, अश्फाक.”
दुकान बंद होऊन एकोणीस वर्षं झालीत,
तरी अश्फाक लाल झाला.
माझं मशीन पळत नव्हतं, म्हणाला,
हे इंग्रजच हळू वाजवतात.

खाली हायवेवरून ट्रक जात होते.
बोरस्तेनं शर्टावरून हात फिरवला,
जिथे आता डाग नाही तिथून.
पुन्हा लाव, तो कैवल्यला म्हणाला,
आणि या वेळी
मी सांगेन तिथे बंद कर.